सीमा ओलांडून विवाहाधारित व्हिसा: एका घातक गैरसमजाचा खुलासा
अमेरिकन नागरिकाशी विवाह झाला, पण अमेरिकेतील वास्तव्याची मुदत उलटून गेली, तर मेक्सिको किंवा कॅनडात जाऊन तिथल्या अमेरिकन वकिलातीत विवाहाधारित व्हिसासाठी अर्ज करावा, म्हणजे मागचे सारे माफ होते, असा सल्ला तिकडच्या मराठी कुटुंबांतही आपुलकीने दिला जातो. तो चुकीचा आहे. १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक, पण वर्षभराहून कमी काळ बेकायदा राहून स्वतःहून देश सोडणाऱ्यावर ३ वर्षांची, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ राहिलेल्यावर १० वर्षांची प्रवेशबंदी येते. म्हणजे ज्याला उपाय समजले जाते, ते सीमा ओलांडणेच ही बंदी ओढवून घेते.

वास्तविक, जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि प्रवेश तपासणीनंतर रीतसर झाला असेल, तर मुदत उलटल्यावरही सहसा अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डसाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) अर्ज करता येतो. जोडीदाराकडे केवळ ग्रीन कार्ड असल्यास ही सवलत सहसा मिळत नाही. ज्यांना बाहेर जावेच लागते, त्यांच्यासाठी निघण्यापूर्वीच या बंदीतून सूट मागण्याची सोय २०१३ पासून आहे, मात्र अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला किंवा आईवडिलांना विरहाने असाधारण हाल सोसावे लागतील, हे कागदोपत्री पटवून द्यावे लागते. म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी आय-९४ या अमेरिकेतील प्रवेशाच्या सरकारी नोंदीवरील मुदतीची तारीख पाहून दिवस मोजावेत आणि स्थलांतर कायद्याच्या वकिलाला ते दाखवावेत.