एपिटोप मॅपिंग

प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी, आपल्या प्रतिजनावर, म्हणजे ते ज्या पदार्थाला ओळखते त्यावर, नेमके कुठे चिकटते ती जागा शोधण्याच्या सर्व पद्धतींना मिळून एपिटोप मॅपिंग म्हणतात. प्रतिजनावरची ती जागा म्हणजे एपिटोप. प्रतिपिंडाच्या टोकाचा तिच्याशी जुळणारा भाग म्हणजे पॅराटोप. ‘बंधस्थान-निश्चिती’ असा मराठी शब्द करता येईल, पण प्रयोगशाळेत मराठी बोलणारेही नुसते ‘मॅपिंग’ म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

चिकटते की नाही, हे एलायझा या रंग पाहून उत्तर देणाऱ्या चाचणीने एका दिवसात कळते. कुठे चिकटते, हा खरा किचकट प्रश्न. आणि औषधाचे काम बरेचदा त्या ‘कुठे’वरच ठरते. स्तनाच्या कर्करोगावरची ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही दोन्ही प्रतिपिंडे हर-२ या एकाच प्रथिनाला धरतात. पहिले पेशीपटलाजवळच्या चौथ्या खंडाला, दुसरे त्याच्यापासून दूर असलेल्या दुसऱ्या खंडाला. जागा वेगळ्या असल्याने ती एकमेकांच्या आड येत नाहीत, म्हणून रुग्णाला एकत्र देता येतात.

मुंबईत हा प्रश्न पडण्याच्या कितीतरी आधी लस तयार झाली होती. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली; तीच आजची हाफकिन संस्था. लसीने जागवलेली प्रतिपिंडे जंतूचा कोणता भाग धरतात, हे सांगण्याचे साधन त्या काळी कुणाकडेच नव्हते. रक्तद्रवात तर असंख्य प्रतिपिंडांची सरमिसळ असते, प्रत्येकाचा पत्ता निराळा. १९७५ मध्ये केलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची रीत दाखवली, तेव्हा कुठे एकेकाचा पत्ता विचारणे शक्य झाले.

एपिटोप दोन तऱ्हेचे असतात. गिरणगावातली चौकाची चाळ डोळ्यांपुढे आणावी. खोल्यांचे नंबर गॅलरीने ओळीत जातात; ७, ८, ९ शेजारी शेजारी. पण ७ नंबरच्या दारात उभे राहिले की चौकापलीकडे समोर दिसते ती ३१ नंबरची खोली. नंबरांत चोवीस घरांचे अंतर. प्रत्यक्षात मधे फक्त वाळत घातलेले कपडे. प्रथिन हीसुद्धा अमिनो आम्लांची अशीच घड्या घातलेली माळ. प्रतिपिंडाने ७-८-९ धरले तर एपिटोप सलग. ७ आणि ३१ एकदम धरले तर तो घडीवर अवलंबून. प्रथिन डिटर्जंटात उकळले की चाळ पाडून खोल्या एका रांगेत मांडल्यासारखे होते. त्यानंतरही वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे अशी उलगडलेली प्रथिने पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने शोधण्याच्या चाचणीत, पट्टी उमटली तर एपिटोप बहुधा सलग आहे. नैसर्गिक प्रथिनांविरुद्धची बहुतेक प्रतिपिंडे मात्र दुसऱ्या तऱ्हेची असतात, आणि अडचण तिथेच सुरू होते.

सलग एपिटोपसाठी पेप्टाइड-स्कॅन ही सरळ पद्धत आहे; पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांचा छोटा तुकडा. गायसेन, मेलोन आणि बार्टलिंग यांनी १९८४ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे २१३ अमिनो आम्लांचे एक प्रथिन घेतले, त्याचे सहा-सहा आम्लांचे सगळे २०८ तुकडे प्लास्टिकच्या दांड्यांवर तयार केले आणि प्रतिपिंड कोणत्या तुकड्याला चिकटते ते पाहिले. कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाचे उदाहरण घ्या. आम्ले १२९, १५ आम्लांचा एक तुकडा, दर वेळी ३ आम्ले पुढे सरकायचे, म्हणजे ३९ तुकडे. ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, एका प्लेटमध्ये आरामात मावतात. समजा १४, १५ आणि १६ क्रमांकाच्या वेलमध्ये निळा रंग चढला, शेवटी ॲसिड घातल्यावर पिवळा झाला. हे तुकडे अनुक्रमे ४०–५४, ४३–५७ आणि ४६–६० असे. तिघांत समान भाग ४६ ते ५४. एपिटोप त्याच नऊ आम्लांत. मात्र काही पेप्टाइडे रंग आणणाऱ्या दुय्यम प्रतिपिंडालाच पकडून बसतात. ते एकटे घालून वेगळी प्लेट लावायचा कंटाळा केला, तर नकाशा सुंदर निघतो आणि चुकीचा असतो.

याच लायसोझाइमला धरणाऱ्या डी१.३ या प्रतिपिंडाची क्ष-किरण स्फटिकरचना १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. एपिटोप निघाला १८–२७ आणि ११६–१२९ या दोन तुकड्यांचा, माळेच्या जवळजवळ दोन टोकांचा. लायसोझाइमची १६ आम्ले प्रतिपिंडाच्या १७ आम्लांना भिडलेली. अशा ठिकाणी वरची ३९ वेलची प्लेट कोरीच राहण्याची शक्यता जास्त. म्हणून स्फटिकरचनेचा शब्द अखेरचा मानतात. पण प्रतिपिंड आणि प्रतिजन यांच्या जोडीचा स्फटिक मिळेलच याची हमी नसते. भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिनांच्या स्फटिकांसाठी इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, खास बीमलाइन (किरण वापरण्याचे प्रयोगकेंद्र) उभारली आहे. स्फटिक नकोच असेल तर क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन, म्हणजे गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉनांनी पाहणे, हा दुसरा रस्ता आहे.

भिडलेले प्रत्येक आम्ल कामाचे असतेच असे नाही. ॲलानिन-स्कॅनमध्ये एकेक आम्ल काढून तिथे साधे ॲलानिन बसवतात आणि पकड किती सैल पडते ते मोजतात. बहुतेक वेळा मोजकी दोन-चार आम्लेच सगळा भार पेलताना दिसतात. बदलाने घडीच मोडली नाही ना, हे दुसऱ्या जागी धरणाऱ्या प्रतिपिंडाने तपासावे लागते.

जड पाणी म्हटले की मुंबईकराला अणुशक्तीनगर आणि अणुभट्ट्या आठवतात. मॅपिंगमध्ये ते निराळ्याच कामाला येते. प्रथिन जड पाण्यात ठेवले की त्याच्या कण्यावरच्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम येऊ लागते. जिथे प्रतिपिंड बसले आहे तिथे ही अदलाबदल मंदावते, आणि वस्तुमान मोजणाऱ्या वर्णपटमापकावर तो तुकडा हलका भरतो. दूरवर घडी किंचित घट्ट झाली तरी असेच दिसते, त्यामुळे या एकाच पुराव्यावर विसंबू नये.

काही वेळा पत्ता नको असतो, दोन पाहुणे एका खाटेवर झोपणार नाहीत ना, एवढेच पाहायचे असते. ही दोन प्रतिपिंडांमधली स्पर्धा-चाचणी. केमिस्टकडे मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीत एचसीजी या संप्रेरकाला दोन प्रतिपिंडे दोन बाजूंनी धरतात; जागा एकच असती तर रेघ उमटलीच नसती. शिवाय एचसीजीचा अल्फा भाग एलएच, एफएसएच आणि टीएसएच या इतर संप्रेरकांतही तोच असतो. म्हणून निदान एका प्रतिपिंडाने बीटा भागावरची फक्त एचसीजीचीच जागा धरावी लागते, नाहीतर बीजमोचनाच्या सुमारास वाढणारे एलएचही ‘गुड न्यूज’ देईल.

पावसाळ्यात मुंबईच्या दवाखान्यांत वापरले जाणारे मलेरियाचे कार्ड याच्या उलट आहे. फाल्सिपॅरम हा मलेरियाचा परजीवी ओळखणाऱ्या कार्डांतली प्रतिपिंडे बहुधा एचआरपी-२ या प्रथिनाला धरतात. त्यात हिस्टिडिन-ॲलानिनचा छोटासा सलग नमुना पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे एकाच प्रथिनावर बसायला जागाच जागा. पकड पक्की, चाचणी संवेदनशील. पण काही परजीवींत या प्रथिनाचे जनुकच गळालेले असते, आणि ताप मलेरियाचा असूनही ती रेघ येत नाही. पीएलडीएच या दुसऱ्या प्रथिनाची वेगळी रेघ असलेले कार्ड असेल, तर असा रुग्ण तिथे सापडू शकतो.