गर्ट्रूड जीकल : कागदावर टिकलेल्या बागा

गर्ट्रूड जीकल (१८४३–१९३२) यांनी सुमारे ४०० बागांचे आराखडे केले. त्यांतल्या ज्या बागा त्यांनी योजलेल्या लागवडीसह आज पाहता येतात, त्या मोजक्याच आहेत, आणि त्यांतल्याही काही मधल्या काळात पार मोडून नंतर नव्याने उभ्या केलेल्या आहेत. तरीही इंग्लंडमधील बागेचा विचार त्यांच्या नावाशिवाय होत नाही. याचे कारण त्यांच्या कुदळीपेक्षा त्यांच्या लेखणीत अधिक शोधावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या श्रीमंत घरांच्या बागा काचघरांवर पोसल्या जात. जिरेनियम, लोबेलिया, कॅल्सिओलेरिया यांची रोपे काचघरात मोठ्या संख्येने तयार करायची, थंडी सरली की हिरवळीत आखलेल्या भौमितिक वाफ्यांत रांगोळीसारखी मांडायची आणि हंगाम संपला की उपटून टाकायची, अशी रीत होती. मूळचे आयर्लंडचे विल्यम रॉबिन्सन यांनी या रीतीवर झोड उठवली. ‘द वाइल्ड गार्डन’ हे त्यांचे पुस्तक १८७० मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘द गार्डन’ हे साप्ताहिक सुरू केले. काटक, बहुवर्षायू झाडे एकदा लावावीत आणि त्यांना आपल्या ढंगाने वाढू द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. जीकल यांची त्यांच्याशी ओळख १८७५ मध्ये झाली. पुढे त्या या साप्ताहिकात लिहू लागल्या आणि १९०० च्या सुमारास काही काळ त्याच्या सहसंपादकही होत्या.

त्या मूळच्या चित्रकार. १८६१ मध्ये त्यांनी लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत प्रवेश घेतला, टर्नर यांच्या चित्रांच्या नकला केल्या आणि रंगशास्त्राचा अभ्यास केला. भरतकाम, चांदीकाम, लाकडावरील कोरीवकाम यांतही त्यांचा हात चालत असे. दृष्टी मात्र लहानपणापासून अधू होती आणि १८९१ मध्ये जर्मनीतील एका नेत्रतज्ज्ञाने त्यांना बारीक काम सोडून देण्याचा सल्ला दिला. ‘डोळे गेले म्हणून बाग आली’ असे त्यांच्याविषयी सर्रास सांगितले जाते, पण ते तितकेसे खरे नाही. बागेवरील त्यांचे लेखन त्याआधीच सुरू झाले होते आणि सरे परगण्यात गोडाल्मिंगजवळ मन्स्टेड वूड येथील सुमारे १५ एकर जमीनही त्यांच्या ताब्यात होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने एवढेच झाले की चित्रकलेसाठी राखलेला वेळही बागेकडे वळला.

या जमिनीवरचे घर १८९७ मध्ये पूर्ण झाले. ते बांधणारे वास्तुशिल्पी म्हणजे पुढे नवी दिल्लीमुळे आपल्याला परिचित झालेले एडविन लट्येन्स. १८८९ मध्ये दोघांची पहिली भेट झाली तेव्हा ते विशीत होते आणि त्या पंचेचाळिशीत. त्यानंतर बांधकाम त्यांचे आणि लागवड जीकल यांची, अशा जोडीने अनेक बागा झाल्या.

मन्स्टेड वूडमधील फुलझाडांचा मुख्य पट्टा सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता आणि त्याच्या पाठीशी दगडी भिंत होती. दोन्ही टोकांना राखाडी पानांच्या झाडांसोबत निळे, पांढरे, फिकट पिवळे असे थंड रंग असत. तिथून गडद पिवळा, नारिंगी असे चढत जाऊन मध्यावर लाल रंग पेटलेला दिसे. लाल-नारिंगी पाहून डोळा भरला की तो आपणहून निळ्या-करड्याकडे ओढ घेतो, हे रंगशास्त्र त्यांनी मातीत उतरवले होते. रंगांइतकेच लक्ष त्यांनी वेळेकडे दिले. डेल्फिनियमचा बहर ओसरला की त्याच्या उघड्या दांड्यांवर त्या शेजारी लावलेला पांढऱ्या फुलांचा बारमाही वाटाणावेल चढवत आणि त्याचीही फुले सरली की त्यावरून जांभळा क्लेमॅटिस ओढून घेत. एवढे करूनही जागा रिकामी दिसलीच, तर कुंडीत वाढवलेल्या लिली किंवा हायड्रेंजिया तिथे नेऊन बसवल्या जात. हा पट्टा जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच पाहण्याजोगा असावा, असे त्यांनी मुळातच ठरवले होते. एकच वाफा वर्षभर फुललेला राहत नाही हे मान्य करून त्यांनी वसंतासाठी, जूनसाठी, शरदातील ॲस्टरसाठी वेगवेगळे कोपरे राखले.

हे सारे ‘वुड अँड गार्डन’ (१८९९) आणि ‘होम अँड गार्डन’ (१९००) या पुस्तकांत आणि विशेषतः ‘कलर इन द फ्लॉवर गार्डन’ (१९०८) मध्ये आले आहे. त्यांच्या पुस्तकांतील अनेक छायाचित्रेही त्यांनी स्वतः काढलेली आहेत. पुस्तकांखेरीज त्यांचे लेख हजाराच्या वर आहेत. स्वतः करून न पाहिलेली गोष्ट त्या सहसा सांगत नाहीत, ही या लेखनाची खरी ताकद. मात्र त्यांच्या हाताखाली पगारी माळ्यांचा ताफा होता, हे आजच्या वाचकाने विसरू नये. वेल वेळेवर चढवणे आणि कुंड्या वेळेवर हलवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते.

उतारवयात त्या फारशा बाहेर पडत नसत. ग्राहकाकडून जागेचा नकाशा आणि मातीचा नमुना मागवून त्या घरबसल्या लागवडीचे आराखडे करत आणि अनेकदा स्वतःच्या रोपवाटिकेतली रोपेही पाठवत. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील ग्लीब हाउसची बाग त्यांनी १९२६ मध्ये अशीच, तिकडे न जाता आखली.

याच कागदांमुळे पुढच्या पिढ्यांना त्यांच्या बागा पुन्हा करता आल्या. अमेरिकी उद्यानरचनाकार बीट्रिक्स फॅरंड यांनी आराखड्यांचा मोठा संग्रह विकत घेतला आणि १९५५ मध्ये तो बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला दिला. हॅम्पशरमधील अप्टन ग्रे येथील १९०८ ची बाग तण-झुडपांत हरवली होती. १९८४ पासून तिथल्या नव्या मालकांनी बर्कलीतील आराखड्यांच्या प्रती मिळवून तिची पुन्हा लागवड केली. सॉमरसेटमधील हेस्टरकूम येथेही जीकल यांनी आखलेली बाग होती आणि पुढे तिथे अग्निशमन दलाचे मुख्यालय होते. तिथे रोपे ठेवण्याच्या खोलीत जुने लागवड-आराखडे सापडले आणि १९७० नंतरच्या दशकात बाग मूळ रूपात आणण्याचे काम सुरू झाले. खुद्द मन्स्टेड वूडची मालमत्ता २०२३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे आली.