म्युनिकपासून जळगावपर्यंत: पर्यावरण प्रदर्शनांचा इतिहास आणि उद्योजकांचा लाभ

म्युनिक शहराच्या पूर्वेला रीम नावाचा भाग आहे. १९९२ पर्यंत तिथे शहराचा विमानतळ होता, १९९८ पासून त्या जागी प्रदर्शन संकुल उभं आहे. दर दोन वर्षांनी तिथे ‘इफाट’ भरतं. पाणी, सांडपाणी, कचरा आणि वापरून झालेल्या मालाचा पुनर्वापर या विषयांवरचं हे जगातलं सर्वांत मोठं प्रदर्शन मानलं जातं. २०२४ मध्ये तिथे ३,२०० च्या आसपास कंपन्यांनी आपली यंत्रं मांडली आणि सुमारे १ लाख ४२ हजार माणसं ती पाहायला आली. नगरपालिकांचे अभियंते, रंगप्रक्रिया करणारे कापड कारखानदार, भंगार आणि प्लॅस्टिकचे व्यापारी, दूध डेअऱ्या चालवणारे अशी सगळी मंडळी त्यात असतात.

यंत्राची माहितीपत्रकं आणि चालत्या यंत्राच्या चित्रफिती हल्ली घरबसल्या मिळतात. मग लाख-दोन लाख रुपये खर्चून एवढ्या लांब जायचं कशाला, असं आपल्याकडचा लघुउद्योजक विचारतो. त्याचा प्रश्न रास्त आहे. ही प्रदर्शनं कुठून आली आणि कोणत्या गरजेतून वाढली हे पाहिलं, तर त्याचं उत्तर बरंचसं हाती लागतं.

युरोपात जत्रा जुन्याच. जर्मनीतल्या लाइपझिगच्या जत्रेला १४९७ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनने खास हक्क दिले आणि पुढची कित्येक शतकं तिथे गाड्या भरून माल येत राहिला. रेल्वे आली, कारखान्यांत एकसारखा माल निघू लागला, तसा सगळा माल वाहून आणण्यात अर्थ उरला नाही. १८९५ पासून लाइपझिगमध्ये व्यापारी फक्त नमुने मांडू लागले. गिऱ्हाइकाने नमुना हाताळायचा, पसंत पडला तर मागणी नोंदवायची. आजची व्यापारी प्रदर्शनं याच पद्धतीवर चालतात.

दुसरी परंपरा जागतिक प्रदर्शनांची. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली काचेच्या महालात भरलेलं प्रदर्शन सुमारे ६० लाख लोकांनी पाहिलं. त्यात कोहिनूर होता, वाफेची इंजिनं होती. माझ्या मते मात्र त्यातली सर्वांत दूरगामी गोष्ट जॉर्ज जेनिंग्ज या प्लंबरने बसवलेली पाण्याने धुतली जाणारी सार्वजनिक स्वच्छतागृहं ही होती. एक पेनी मोजून ८ लाख २७ हजारांहून अधिक लोकांनी ती वापरली. दोनच वर्षांपूर्वी, १८४९ मध्ये, लंडनमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं दगावली होती. लोकांनी स्वतः वापरून पाहिल्यावर अशा सोयीला मागणी आली. पण घराघरांतलं हे पाणी गटारांतून थेट थेम्स नदीत जाऊ लागलं आणि १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने संसदेचं कामकाज चालवणं अवघड झालं. त्यानंतर जोसेफ बॅझलजेटच्या भुयारी गटार योजनेला पैसा मिळाला. एक सोय, तिच्यातून निघालेला प्रश्न, मग त्या प्रश्नावरचं तंत्र: पर्यावरण उद्योग पुढेही याच क्रमाने वाढत गेला.

प्रदर्शनातून कल्पना चोरीला जाण्याची भीतीही तेव्हापासूनची. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात आपले शोध मांडायला परदेशी संशोधक कचरत होते, कारण त्यांना तिथे कायद्याचं पुरेसं संरक्षण नव्हतं. त्या नाराजीतून सुरू झालेल्या चर्चेचं फलित म्हणजे औद्योगिक मालमत्तेच्या रक्षणाचा १८८३ चा पॅरिस करार. आज एखादी कंपनी आपलं नवं मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पातळ पडदा, उघड्यावर मांडते, त्याची रचना समजावून सांगते, त्यामागे या कराराचं पाठबळ आहे.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनात वेस्टिंगहाऊस कंपनीने लाखाच्या घरात दिवे प्रत्यावर्ती (एसी) विजेवर लावून दाखवले. ही वीज सुरक्षित आहे का, लांबवर नेता येते का, यावर तेव्हा अमेरिकेत कडाक्याचा वाद चालू होता. सहा महिने लोकांनी ती चालताना पाहिली आणि त्याच वर्षी नायगरा धबधब्यावरच्या वीजप्रकल्पाचं काम वेस्टिंगहाऊसला मिळालं. त्या वर्षी शिकागोला जाताना जपानहून व्हँकुव्हरला निघालेल्या जहाजावर स्वामी विवेकानंदांचे सहप्रवासी होते जमशेदजी टाटा. जमशेदजींच्या मनातला जलविद्युत प्रकल्प पुढे त्यांच्या पश्चात खोपोलीला उभा राहिला आणि १९१५ पासून मुंबईच्या कापडगिरण्यांना कोळशाऐवजी सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज मिळू लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाइपझिग सोव्हिएत अमलाखाली गेलं, तेव्हा पश्चिम जर्मनीतल्या शहरांनी स्वतःची प्रदर्शनं उभी केली. हॅनोवरचं १९४७ मध्ये सुरू झालं. त्याच काळात तिथे कारखाने झपाट्याने वाढत होते आणि नद्यांवर धुण्याच्या पावडरीच्या फेसाचे थर तरंगत होते. म्हणून १९५७ मध्ये पाणी व्यवस्थापनाचा कायदा झाला, १९६१ मध्ये धुण्याच्या रसायनांवर कायदा आला. नगरपालिकांना आणि कारखान्यांना सांडपाणी शुद्ध करणं भाग पडलं, पण यंत्रं कुणाची घ्यायची, कुठल्या गावात कोणती पद्धत चालली, हे एका जागी कळायची सोय नव्हती. १९६६ मध्ये म्युनिकला पहिलं इफाट भरलं ते या गरजेतून. त्या वेळी विषय फक्त सांडपाणी होता.

पुढची वाढ कायद्यांच्या मागोमाग झाली. १९७६ च्या कायद्याने पाणी सोडणाऱ्यावर प्रदूषणाच्या प्रमाणात आकार बसवला. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागून विषारी पाणी ऱ्हाइन नदीत गेलं आणि लांबवर मासे मेले. १९९१ मध्ये जर्मनीने वेष्टनांचा नियम आणला: ज्याने वेष्टन बाजारात आणलं, त्यानेच ते परत गोळा करायची व्यवस्था करावी. मग प्लॅस्टिक, पत्रा, कागद झटपट वेगळा करणाऱ्या यंत्रांना गिऱ्हाईक मिळालं. अवरक्त किरणांनी प्लॅस्टिकचा प्रकार ओळखून हवेच्या फवाऱ्याने तो तुकडा बाजूला उडवणारी यंत्रं त्या मागणीवर वाढली. सौरऊर्जेतही तसंच झालं. नवीकरणीय ऊर्जेला हमीभाव देणारा जर्मन कायदा २००० सालचा; ‘इंटरसोलर’ प्रदर्शन त्याच वर्षी फ्रायबर्गमध्ये सुरू झालं, २००८ मध्ये म्युनिकच्या मोठ्या संकुलात गेलं आणि काही वर्षांतच मुंबईतही भरू लागलं.

या घटनाक्रमात उद्योजकासाठी मोठी खूण आहे. उत्पादकाने आपल्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी हे तत्त्व आपल्याकडे २०११ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत आलं, २०१६ च्या नियमांत ठळक झालं आणि २०२२ पासून त्याला वर्षवार उद्दिष्टं जोडली गेली. म्हणजे नव्वदच्या दशकात म्युनिकच्या दालनांतून फिरणाऱ्या भिवंडीच्या किंवा वसईच्या वेष्टन व्यावसायिकाला आपल्या धंद्याचं वीस-पंचवीस वर्षांनंतरचं रूप तिथे उभं दिसत होतं. अशा प्रदर्शनाला जाण्याचा पहिला लाभ मी हाच मानतो. कोणतं यंत्र घ्यावं यापेक्षाही, कोणता नियम आपल्या दारात येणार आहे आणि तो पाळणाऱ्यांनी कोणत्या वाटा काढल्या, हे तिथे आधी कळतं.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. जळगाव जिल्ह्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये घरातल्या ७ हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे खतं, बियाणं, ट्रॅक्टर यांच्या एजन्सी घेतल्या. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद कारखाना घेऊन तिथे पपईच्या चिकापासून पपेन बनवायला घेतलं, १९८० च्या सुमारास पीव्हीसी पाइप. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथे शेतीच्या प्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांनी ठिबक सिंचन पाहिलं.

ठिबक हे तोवर जगात नवं नव्हतं. इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर हत्सेरिम या किबुत्झने (सामूहिक शेतीच्या वसाहतीने) १९६५ मध्ये नेटाफिम कंपनी काढली होती. भारतातही प्रयोग झाले होते, पण सुटे भाग विकून विक्रेता निघून जाई, नळीची तोंडं क्षारांनी आणि गाळाने बुजत आणि शेतकरी त्या नळ्या गुंडाळून कोपऱ्यात टाकून देई. फ्रेस्नोत ठिबक पाहणारे हजारो होते. जैन यांच्याकडे मात्र त्या वेळी तीन गोष्टी होत्या: प्लॅस्टिकचा पाइप काढण्याचा अनुभव, खतांच्या धंद्यामुळे शेतकऱ्यांशी रोजचा संबंध आणि विहिरी आटत चाललेल्या केळीच्या पट्ट्यात राहून कळलेली पाण्याची निकड. जेम्स हार्डी इरिगेशन या कंपनीशी त्यांनी तंत्रज्ञानाचा करार केला. माती-पाण्याची तपासणी, शेताचा आराखडा, जोडणी, नंतरची देखभाल आणि पिकाचा सल्ला असा सगळा संच ते विकू लागले. त्याच सुमारास महाराष्ट्र सरकारने ठिबकला अनुदान सुरू केलं, त्याचाही हातभार लागला. पुढे ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांची जोड मिळाली आणि पूर्वी दीड वर्ष घेणारा केळीचा बाग अकरा-बारा महिन्यांत कापणीला येऊ लागला.

जैन इरिगेशनने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली. ज्या देशाने ठिबक जगाला दिलं, तिथली कंपनी जळगावच्या मालकीची झाली. नंतर कर्जाचा बोजा वाढला आणि २०२३ मध्ये कंपनीचा परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या सिंचन कंपनीत विलीन झाला, हेही सांगायला हवं. पण खानदेशात आणि खानदेशाबाहेर लाखो एकरांवर अंथरलेल्या नळ्या तशाच आहेत.

या उदाहरणावरून एक गोष्ट मी ठामपणे म्हणतो: प्रदर्शनाचा लाभ गावाकडचा प्रश्न सोबत नेणाऱ्याला होतो. साखर कारखान्याच्या आसवनीचं स्पेंट वॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारं सांडपाणी), कापड प्रक्रियेतलं रंगीत खारं पाणी, फाउंड्रीची जळकी वाळू, डेअरीचं चरबीयुक्त सांडपाणी. यातलं आपलं दुखणं काय, रोज किती घनमीटर पाणी, त्याचा सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) किती, विजेला महिन्याला किती पैसे जातात, हे आकडे खिशात असले की दालनातलं बोलणं बदलतं. विक्रेत्याच्या शेजारी उभा असलेला अभियंता पुढे येतो. गाळ किती निघेल, मेंब्रेन किती वर्षांनी बदलावं लागेल, सुटे भाग भारतात मिळतात का, असं यंत्र आधी कुणाकडे बसवलंय, असे प्रश्न विचारता येतात. समोरच्याच दालनात त्याचा प्रतिस्पर्धी असतो, तिथे तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तरं ताडून पाहता येतात. कचरा फाडणारी आणि चाळणारी यंत्रं तर बाहेरच्या मैदानात खऱ्या मालावर चालवून दाखवतात. आवाज, धूळ, अडकलेली चिंधी काढायला लागणारा वेळ यांचा अंदाज चित्रफितीवरून येत नाही.

आपल्याकडे हा धंदा नवा नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं, केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा, आणि भोपाळ दुर्घटनेनंतरचा पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. पुण्याची थरमॅक्स कंपनी १९६६ मध्ये, म्हणजे पहिलं इफाट भरलं त्याच साली, बेल्जियमच्या वॅन्सन कंपनीच्या सहकार्याने बॉयलर बनवायला उभी राहिली आणि पुढे जलशुद्धी व प्रदूषण नियंत्रणातही उतरली. पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने आसवन्यांपासून सुरुवात करून शेतीतल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढण्यापर्यंत मजल मारली. म्हणून परदेशी प्रदर्शनातून फिरताना आपण फक्त घ्यायला गेलोय असं समजू नये. कमी भांडवलात, गढूळ पाण्यावर, वीज जात-येत असताना चालणारी यंत्रं करण्याचा अनुभव आपल्या कारखानदारांकडे आहे आणि आफ्रिका, आग्नेय आशियातून आलेले खरेदीदार नेमकं तेच शोधत असतात. ते एकाच छताखाली भेटतात, हा दुसरा मोठा लाभ.

प्रदर्शनांबद्दलची टीकाही खरी आहे. हजारो माणसं विमानाने येतात, चार-पाच दिवसांसाठी उभारलेली लाकडी दालनं नंतर मोडून टाकली जातात. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत प्रदर्शन उद्योगाने कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याची जाहीर प्रतिज्ञा घेतली, पण ती पुरी व्हायला वेळ लागेल. शिवाय ‘हिरवा’ असा नुसता शिक्का मारलेली उत्पादनंही दालनांत असतात. म्हणून चाचणीचा अहवाल कुणी दिला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रत्येकाने म्युनिकच गाठायला हवं असंही नाही. इफाटची भारतीय आवृत्ती २०१३ पासून मुंबईत भरते आणि लहान कारखान्याला सुरुवात तिथून करता येते. परदेशी प्रदर्शनात भाग घेणाऱ्या लघुउद्योगांना प्रवास आणि दालनाच्या खर्चात मदत करणारी केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची योजना आहे. जिल्हा उद्योग केंद्रात किंवा आपल्या औद्योगिक संघटनेत तिची चौकशी करावी.

सध्या या प्रवासाला तातडीचं कारण मिळालं आहे. युरोपीय महासंघाने पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन यांच्या आयातीवर कार्बन आकाराची व्यवस्था आणली. ऑक्टोबर २०२३ पासून आयातदाराला उत्सर्जनाची माहिती द्यावी लागत होती, जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीला प्रत्यक्ष आकार लागू झाला. लोखंडी नट-बोल्टही त्या यादीत आहेत. युरोपला बोल्ट पाठवणाऱ्या पुण्या-नाशिकच्या कारखानदाराला त्याचा खरेदीदार आता टनामागे किती कार्बन, हे विचारतो. तो आकडा कसा मोजायचा, भट्टी आणि कच्चं पोलाद बदलून तो किती खाली येतो आणि त्या बदलाला किती खर्च येतो, हे सगळं करून बसलेले तुर्की आणि इटालियन कारखानदार या प्रदर्शनांत भेटतात.