घुमट आणि दरबुका: डावा हात कुठे असतो?

वेंगुर्ल्याच्या शाळेत पिशवीतून दरबुका, म्हणजे अरबी हातवाजवणीचा ढोल, काढला की पहिला प्रश्न ठरलेला, "काका, ह्यां घुमटच मां?" घुमट हे आपलं कोकण-गोव्याकडचं तालवाद्य. मुलांचं सोडा, एका कार्यक्रमात निवेदकानेही 'आता ऐकूया अरबी घुमट' असं ठोकून दिलं. मी निमूट वाजवलं. एक तोंड चामड्याने मढवलेलं, दुसरं उघडं, गल्लत होणारच.

खरा फरक डाव्या हातात. घुमट म्हणजे मातीचं पोट असलेला घडा. मोठ्या तोंडावर उजवा हात वाजतो आणि डावा तळवा मागचं लहान तोंड झाकतो, उघडतो. तेवढ्यावर आवाज वाकतो. आरतीत झांजांच्या गजरातूनही ती घुमक वेगळी ऐकू येते. दरबुका पेल्याच्या घाटाचा, डाव्या मांडीवर आडवा. इथे डावा हातही चामड्यावरच. मधोमध 'दुम', कडेला उजव्याचा 'तक', डाव्या बोटांचा 'का'.

मकसूम हा त्याचा रोजचा ठेका केरवा तालाएवढाच, आठ मात्रांचा: दुम तक – तक दुम – तक –. पण तिसऱ्या मात्रेला गप्प राहायचं असतं, आणि आरतीवर वाढलेल्या पोरांना नेमकं तेच जमत नाही. दोन तास त्यातच जातात.

गंमत म्हणजे इजिप्तमध्ये दरबुक्याला 'तबला' म्हणतात! कैरोत जन्मलेले वादक होसाम रमझी (१९५३–२०१९) लंडनला गेले, आणि १९९४ मध्ये 'लेड झेपेलिन' या इंग्लिश रॉक बँडच्या जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांच्यासोबतही वाजवून आले. घुमट मात्र गावाबाहेर फारसं पडलं नाही. गोव्याने २०१९ मध्ये त्याला वारसा वाद्य ठरवलं, एवढंच.

घुमटाला पूर्वी घोरपडीचं चामडं असे. वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) ते बंद, आता बकऱ्याचं. पावसात ते सैल पडतं, चुलीपाशी शेकत बसावं लागतं. हल्लीचा दरबुका बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा, वर प्लास्टिक. म्हणून जुलैत शाळेत तोच नेतो.

परवा एका मुलाने तो घुमटासारखा पोटाशी धरला आणि मागून तळवा लावला. तोंड रुंद, तळवा पुरेना. मग त्याने मनगटापर्यंत हातच आत घातला, आणि 'दुम' खाली उतरला. मी काही बोललो नाही. अरबी वादकही अधूनमधून तसंच करतात.