‘मेट्रॉइडव्हेनिया’ : एक शब्द, दोन घराणी आणि स्वतंत्र प्लॅटफॉर्मर गेमच्या पूर्वजांचा वाद

४ सप्टेंबर २०२५ रोजी ‘हॉलो नाइट’ या गेमचा पुढचा भाग ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ प्रसिद्ध झाला, तेव्हा घोषणेपासून साडेसहा वर्षे वाट पाहत असलेल्या खेळाडूंची एवढी झुंबड उडाली की गेम विकणारी अनेक मोठी ऑनलाइन दुकाने काही काळ ठप्प झाली. ही गर्दी ओसरते न ओसरते तोच वादाला तोंड फुटले. शत्रूच्या एका फटक्यात एकाऐवजी दोन मुखवटे, म्हणजे दुप्पट प्राण, का जावेत, आणि बॉसकडून, म्हणजे टप्प्याच्या बड्या शत्रूकडून, हरल्यावर शेवटच्या बाकापासून, म्हणजे जिथे प्रगती जतन होते तिथून, तीच वाट पुन्हा का तुडवायला लावावी, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, या प्रकारचे, म्हणजे ‘मेट्रॉइडव्हेनिया’ म्हटले जाणारे, गेम पहिल्यापासून असेच आहेत, ज्याला परंपरा ठाऊक नाही त्याने तक्रार करू नये. कर्त्यांनी पहिल्याच दुरुस्तीत सुरुवातीचे दोन बॉस किंचित सौम्य केले, तरी वाद मिटला नाही, कारण तो मुळात कठीणपणाचा नव्हताच. ‘परंपरा’ म्हणजे नेमकी कोणती, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे मूळ बरेच मागे जाते.

उडी मारून फळीवर चढण्याच्या, म्हणजे प्लॅटफॉर्मर, खेळाची सुरुवातीची हकिगत वाचकांना परिचित आहे, त्यामुळे ती येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. १९८१चा ‘डाँकी काँग’, १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणि १९८६ साली पाठोपाठ आलेले ‘मेट्रॉइड’ व ‘कॅसलव्हेनिया’ एवढे टप्पे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे. एक गोष्ट मात्र पुढच्या चर्चेसाठी नोंदवायला हवी. यांतल्या बहुतेक गेममधल्या ‘तीन लाइफ’, म्हणजे मेल्यावर मिळणाऱ्या मोजक्या संधी, ही कलादृष्टीने केलेली योजना नव्हती. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रात खेळाडू लवकर मेला नाही तर दुसरे नाणे पडत नाही, एवढाच तिचा हिशेब होता. घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर नाण्याची फट उरली नाही, पण सवय उरली.

आता त्या शब्दाकडे वळू. ‘मेट्रॉइडव्हेनिया’ म्हणजे ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ या दोन्हींपासून स्फुरलेला गेम, अशी सरळ व्याख्या आज बहुतेक खेळाडू करतात. एकमेकांत गुंतलेले एकच मोठे जग, त्याचा हळूहळू उलगडत जाणारा नकाशा, आणि नवे कौशल्य मिळाल्यावर पूर्वी बंद असलेल्या वाटेकडे परतणे, ही त्याची लक्षणे मानली जातात. ही समजूत दोन ठिकाणी लंगडी पडते. पहिले असे की, हा शब्द आरंभी एवढा व्यापक नव्हता. ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेचे गेम मूळचे एकामागून एक टप्पे पार करण्याचे होते, आणि १९९७च्या ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ने तो साचा मोडून संपूर्ण किल्ला फिरण्यासाठी मोकळा केला. त्यानंतर त्या मालिकेच्याच चाहत्यांना जुन्या धाटणीचे आणि नव्या धाटणीचे गेम वेगळे ओळखण्यासाठी एका नावाची गरज भासू लागली, आणि ‘मेट्रॉइडसारखे असलेले कॅसलव्हेनिया’ एवढ्याच मर्यादित अर्थाने हे जोडनाव रूढ झाले. त्याच काळात ‘कॅसलरॉइड’ हे प्रतिस्पर्धी नावही चालत होते. ते मागे पडले, बहुधा उच्चाराच्या सोयीमुळे. एका मालिकेतील पोटभेदाचे हे नाव पुढे सबंध प्रकाराला चिकटले, आणि तसे होताना त्याचा मूळ संदर्भ गळून पडला.

दुसरी अडचण अधिक मजेशीर आहे. ‘सिम्फनी ऑफ द नाइट’च्या प्रमुख कर्त्यांपैकी एकाने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की, त्यांच्या डोळ्यांसमोर ‘मेट्रॉइड’ नव्हताच, तर ‘झेल्डा’ ही शोधमोहिमेच्या गेमची मालिका होती. टप्प्याटप्प्याचे गेम खेळाडू भराभर संपवून जुन्या मालाच्या दुकानात विकून टाकत, आणि गेम अधिक दिवस हातात राहावा यासाठी जागा पुनःपुन्हा फिरून पाहण्याजोगी करायची होती. म्हणजे ज्या गेममुळे हा शब्द जन्मला, त्याच्याच कर्त्यांच्या मते शब्दाचा पूर्वार्ध चुकीचा आहे. यावर ‘मेट्रॉइड’चे अभिमानी १९९४च्या ‘सुपर मेट्रॉइड’मधील चौकटींचा नकाशा पुढे करतात आणि साम्य इतके उघड असताना कर्त्याच्या स्मरणावर किती विसंबायचे, असे विचारतात. त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे. तरीही, प्रेरणा कोठून आली याविषयी कर्त्याचा शब्द अखेरचा नसला तरी तो पहिला तरी धरावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जपानी खेळाडू या प्रकाराला दीर्घकाळ ‘शोधप्रधान अ‍ॅक्शन’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत आले. त्यात कोणत्याच घराण्याचे नाव नसल्यामुळे हा वाद तेथे एवढा पेटला नाही. आपल्याकडे, म्हणजे इंग्रजी शब्दांतूनच गेमविषयी बोलणाऱ्यांत, तो पेटला, कारण नावातच वंशावळ कोरलेली आहे.

या वंशावळीला स्वतंत्र निर्मात्यांचे गेम चिकटण्याचे कारण मात्र व्यवहाराचे होते. ‘मेट्रॉइड’चा सपाट, म्हणजे द्विमितीय, गेम २००४नंतर थेट २०१७मध्ये आला, आणि तोही जुन्याच गेमची नवी आवृत्ती होता. ‘कॅसलव्हेनिया’च्या हातातल्या यंत्रांवरील शोधप्रधान गेमची मालिका २००८ साली थांबली. दोन्ही मूळ घराण्यांनी शेत पडीक टाकले आणि ते कसायला बाहेरची माणसे आली. त्यातला पहिला महत्त्वाचा गेम ‘केव्ह स्टोरी’. एका जपानी हौशी निर्मात्याने सुमारे पाच वर्षे एकट्याने खपून तो तयार केला आणि २००४मध्ये फुकट वाटला. पुढे पंधरा वर्षे ज्यांनी ज्यांनी एकट्याने किंवा दोघातिघांनी असा गेम करायला घेतला, त्यांच्या बोलण्यात या गेमचा उल्लेख कोठे ना कोठे येतो.

२००८ साली ऑगस्टमध्ये ‘ब्रेड’ आला आणि चर्चेचा सूर बदलला. वेळ मागे फिरवण्याच्या कल्पनेवर उभा असलेला हा गेम ‘मारिओ’ची थट्टा करीत होता की त्याला वंदन करीत होता, यावर खेळाडूंत एकमत झाले नाही. ‘राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे’ हा जुना निरोप त्यात अर्थ बदलून येतो. पण त्या वेळी सर्वाधिक बोलले गेले ते त्याच्या १५ डॉलर किमतीबद्दल. काही तासांच्या सपाट गेमला एवढे पैसे का द्यायचे, हा प्रश्न आज हास्यास्पद वाटतो, परंतु तेव्हा तो गंभीरपणे विचारला जात होता. २०१० साली ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’, ‘लिम्बो’ आणि ‘सुपर मीट बॉय’ हे तीन गेम आले आणि तो प्रश्न मागे पडला. ‘सुपर मीट बॉय’ने तर लाइफ मोजणेच बंद केले. मेल्याबरोबर क्षणात पुन्हा सुरुवात, आणि टप्पा जिंकल्यावर आपले सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसतात. नाण्याच्या फटीचा हिशेब येथे प्रथमच इतक्या उघडपणे फेकून दिला गेला.

‘जुन्यासारखा’ म्हणून गौरवले गेलेले गेम प्रत्यक्षात जुन्याची किती काटछाट करतात, हे २०१४च्या ‘शव्हेल नाइट’मध्ये सर्वांत चांगले दिसते. ‘मेगा मॅन’चे टप्पे, ‘मारिओ ३’चा नकाशा, ‘झेल्डा २’मधील खाली टोचणारा वार, ‘डकटेल्स’मधील काठीवरच्या उड्या, एवढी उसनवारी कर्त्यांनी स्वतःहून सांगितली. ऐंशीच्या दशकातील घरगुती गेमयंत्राची बंधने कोठे पाळली आणि कोठे मोडली, याचा तपशीलही त्यांनी लिहून ठेवला. मूळ यंत्राला न पेलणारे रंग घेतले, पडदा रुंद केला, आणि एका ओळीत जास्त आकृत्या आल्या की होणारी लुकलुक काढून टाकली. मेल्यावर हातातले धन त्याच जागी तरंगत राहते आणि परत जाऊन मिळवता येते, ही युक्ती तर ऐंशीच्या दशकातली नाहीच. ती कठीणपणासाठी प्रसिद्ध असलेल्या ‘डार्क सोल्स’ या गेमकडून आली.

येथेच ‘हॉलो नाइट’चा गुंता सुरू होतो. अ‍ॅडिलेडमधील मोजक्या माणसांनी, लोकवर्गणीतून जमलेल्या सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या बळावर केलेला हा गेम २०१७च्या फेब्रुवारीत आला. मेलेल्या जागी आपलीच सावली उभी राहते, तिला मारून धन परत घ्यायचे, आणि बाकावर बसून दम खायचा, हे पाहून बहुसंख्य खेळाडूंनी त्याला ‘सोल्स’च्या पंगतीत बसवले. कर्ते मात्र ‘झेल्डा २’, ‘फॅक्सानाडू’, ‘मेगा मॅन एक्स’ यांची नावे घेत राहिले. दोघेही खोटे बोलत नव्हते. मृत्यूच्या जागी परत जाऊन गमावलेले उचलण्याची रीत १९९९च्या सुमाराच्या ऑनलाइन गेममध्येही होती, म्हणजे ‘सोल्स’ हाही तिचा मूळपुरुष नव्हे. खेळाडू पूर्वज म्हणून ज्याचे नाव घेतो तो गेम पुष्कळदा त्याने स्वतः सर्वांत आधी मनापासून खेळलेला असतो, आणि २०१७ साली विशीत असलेल्यांचा तो गेम ‘झेल्डा २’ असण्याची शक्यता फारच थोडी होती.

मराठी खेळाडूंची गोष्ट याच न्यायाने वेगळी निघते. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरांत पोहोचली ती मूळ जपानी यंत्रे नव्हेत, तर त्यांच्या स्वस्त नकला. त्यांच्या कार्ट्रिजवर ‘९९९९ इन १’ लिहिलेले असे, आणि आत तेच पाच-दहा गेम नावे बदलून फिरत. या कार्ट्रिजमध्ये ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ हमखास सापडत, पण बॅटरीवर प्रगती साठवून दिवसेंदिवस खेळायचा ‘झेल्डा’सारखा गेम सहसा सापडत नसे. संगणकाच्या क्लासला जाणाऱ्यांनी त्याऐवजी ‘डेंजरस डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पाहिले. त्यातल्या डेव्हची एक हकिगत सांगण्याजोगी आहे. १९९०च्या सप्टेंबरात अमेरिकेतील काही तरुण प्रोग्रॅमरांनी एका रात्रीत ‘मारिओ ३’चा पहिला टप्पा संगणकावर हुबेहूब उतरवला आणि मारिओच्या जागी डेव्हला उभे केले. ‘मारिओ ३’ संगणकावर आणण्याचा त्यांचा प्रस्ताव मूळ कंपनीने पुढे नाकारला, तेव्हा त्याच तंत्रावर त्यांनी डिसेंबरात ‘कमांडर कीन’ काढला. नक्कल, प्रेरणा आणि नवनिर्मिती यांतली सीमा तेव्हाही अशीच धूसर होती.

कठीणपणाच्या वादाला २०१८च्या ‘सेलेस्ट’ने वेगळे वळण दिले, पण त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे थोडक्यात पुरे. कड्यावरून पाय सुटल्यावरही निमिषभर उडी मान्य करण्याची मुभा हा गेम गुपचूप देतो, आणि ‘असिस्ट मोड’ या मदतीच्या पर्यायामध्ये वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो किंवा मृत्यूच बंद करता येतो. तो मोड उघडताना दिसणारा मजकूर खेळाडूला कमीपणा देतो अशी टीका झाल्यावर कर्त्यांनी २०१९मध्ये शब्द बदलले.

संगणकावरील सर्वांत मोठ्या गेम-दुकानाने फेब्रुवारी २०१४मध्ये गेमला लेबल लावण्याचा अधिकार खेळाडूंच्याच हाती दिला, तेव्हापासून नाव कोणी ठेवायचे हा प्रश्न निदान व्यवहारात सुटला आहे. ‘सिल्कसाँग’वर आज ‘मेट्रॉइडव्हेनिया’, ‘सोल्सलाइक’ (म्हणजे ‘डार्क सोल्स’सारखा) आणि ‘प्लॅटफॉर्मर’ ही लेबले शेजारी शेजारी आहेत. दोन मुखवट्यांवर चिडलेला खेळाडू बहुधा यातले पहिले वाचून आलेला असतो, आणि त्याला परंपरा शिकवणारा दुसरे.