४४०००१ च्या पोटात काय आहे?

नागपूरच्या जीपीओचा पिनकोड ४४०००१. पाकिटावर, बँकेच्या फॉर्मवर आपण तो इतक्यांदा लिहितो, की ती एक संख्या आहे हे लक्षातही राहत नाही. तिचे अवयव पाडून बघण्यासारखे आहेत.

अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणार. भागाकार येतो ४८८८९, आणि इथून पुढे सोपी युक्ती उरत नाही. ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने भागलं तर ५. तपासायचं तरी कुठवर? फक्त २२१ पर्यंत. २२२ चा वर्गच ४९२८४ होतो, त्यामुळे दोन्ही अवयव २२१ च्या वर असणं शक्य नाही. या टप्प्यात मूळ संख्या ४७ आहेत. ९७ शी तर थोडक्यात हुकतं: ९७ × ५०४ = ४८८८८! सगळ्या ४७ जणींना नकार मिळाला, की ४८८८९ स्वतःच मूळ ठरते.

आता शेजारीण ४४०००० बघा. ६४ × ६२५ × ११ अशी ती फुटते आणि तिला तब्बल ७० विभाजक आहेत. एक मिळवताच उरतात सहा: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७ आणि ४४०००१. लागून आलेल्या दोन संख्यांना १ सोडून समाईक विभाजक नसतोच, त्यामुळे शेजारणीच्या श्रीमंतीचा हिला काही उपयोग नाही.

हिचं खरं सौंदर्य वेगळंच आहे. सतराव्या शतकात फर्माने सांगितलं आणि अठराव्यात ऑयलरने सिद्ध केलं, की ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. ४८८८९ त्याच जातीची: ७५² + २०८². दोन्ही पाया तिप्पट करा, की २२५² + ६२४² = ४४०००१. वहीत ही बेरीज स्वतः मांडून बघा. हातचे घेत घेत मधली तीन शून्यं एकामागून एक उमटतात, ते बघायला फार सुरेख वाटतं.

सहा अंकांसाठी कागद-पेन पुरलं. शेकडो अंक आले की सगळं पालटतं. संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट ठरवता येतं. त्याची पक्की आणि वेगवान रीत २००२ साली आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिली. पण मूळ नाही हे कळलं, तरी अवयव हाती लागत नाहीत! आरएसए ही याच अवघडपणावर उभी असलेली गुप्तलेखनाची पद्धत. तिच्या नावाची आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली, तेव्हा एका प्रोसेसर कोरला सुमारे २७०० वर्षं लागावीत एवढं काम अनेक संगणकांनी मिळून केलं. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात बसून तुम्ही बँकेची वेबसाइट उघडता, तेव्हा अनेकदा याच अवघडपणावर तिची ओळख पटवली जाते. तिथे वापरतात त्या संख्या ६१७ अंकांच्या आसपास असतात. तेवढ्याच लांबीची आरएसए-२०४८ जगापुढे उघडी ठेवलेली आहे, आणि तिचे दोन अवयव अजून कुणीही जाहीर केलेले नाहीत.