तिखट बंद केलं तरी चव बंद करायची गरज नाही

डॉक्टरांनी 'तिखट बंद' सांगितलं की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पहिलं काय होतं तर चटणीचा डबा वरच्या फळीवर जातो आणि त्या माणसाच्या ताटात सकाळ-संध्याकाळ गुरगुट्या भात, पिवळं वरण आणि मीठ. दोन-चार दिवसांत त्याची जेवणावरची वासनाच उडते, मग खाणं कमी, अंगात त्राण नाही, आणि मला ह्याचं खूप वाईट वाटतं कारण ह्यात तिखट आणि चव एकच धरलेलं असतं.

तिखट ही चव नव्हेच. जिभेला कळतात त्या चवी पाच, गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्शात लागते ती मुरलेली चव). मिरचीला तिखट करणारं द्रव्य, कॅप्सेसिन, जाऊन बसतं ते वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या नसांवर, तिथल्या टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरवर (म्हणजे नसेला खबर देणाऱ्या प्रथिनावर), जो अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमनं १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा मान झाला. हाच रिसेप्टर साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनंही जागा होतो, म्हणून मिरची चावली की तोंड भाजल्यासारखं होतं. आणि तो फक्त तोंडात नाही, जठरात आतड्यातही आहे, काहींच्या पोटात ह्या नसा जास्तच हळव्या झालेल्या असतात. (अल्सर मात्र तिखटानं होतो हा समज चुकीचा, बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्या कारण असतात, त्यामुळे वजन उतरतंय, काळी शी होतेय, गिळताना अडकतंय असं असेल तर घरचे उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.)

मग जेवणाची रंगत येते कुठून? बरीचशी नाकातून. घास चावताना वास घशाच्या मागून वर नाकात चढतो. नाक चिमटीत धरून भाजलेलं जिरं चावून बघा, काहीच कळत नाही, नाक सोडलं की एकदम जिरं! म्हणजे हळव्या पोटाच्या माणसासाठी स्वयंपाक करताना वासावर भर द्यायचा.

लसणाचंच घ्या. लसूण खाल्ला की ज्यांचं पोट फुगतं त्यांना बहुतेक वेळा त्यातलं फ्रुक्टान नावाचं कर्बोदक बाधतं, ते लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. पण फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही, आणि लसणाचा वास तेलात छान उतरतो. म्हणून चमचाभर तेलात ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतायच्या, सगळ्या काढून टाकायच्या, आणि मगच वरण ओतायचं. क्रम चुकवू नका, पाकळ्या आमटीत उकळल्या की फ्रुक्टान पाण्यात उतरलंच. असं तेल बाटलीत भरून बाहेर ठेवायचं नाही, त्यात बोट्युलिझमचे (जिवावर बेतणाऱ्या अन्न-विषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात, रोजचं रोज करा. हिंगातही लसणासारखीच गंधकयुक्त द्रव्यं असतात त्यामुळे तो वास भरून काढतो, फक्त बाजारच्या हिंगात मैदा मिसळलेला असू शकतो, गहू चालत नसेल तर पाकीट वाचून घ्या.

आणि लाल रंग? आपल्याकडे चटणीला मिरची घेताना तिखटाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी हे घरोघरी ठाऊक आहे, तर पोट जरा सावरलं आणि डॉक्टर हो म्हणाले की नुसती ब्याडगी घ्या, हावेरी जिल्ह्यातली ही मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. ती उभी चिरली की आत बियांना धरून ठेवणारा फिकट पडदा दिसतो, कॅप्सेसिन सगळ्यात जास्त त्याच्यातच असतं, बियांत नाही. तो पडदा बियांसकट खरवडून काढा, साल कोमट पाण्यात भिजवून बारीक वाटा आणि आमटीला अर्धा चमचा लावा. नजरेला आमटी लाल दिसली की खाणाऱ्याचाही हात पुढं होतो.

आंबटासाठी एखादं आमसूल पुरतं, पण छातीत जळजळ होत असेल तर आंबट जपूनच, पुदिनाही काहींना बाधतो. त्यांना भाजलेलं जिरं भरडून आणि कोथिंबीर वरून, आणि भात गरम असतानाच वाढा, गरम अन्नातून वास जास्त उठतो.